मुखांतील कर्करोग आणि त्याचें सांडपाणी

ज्या घरांत स्वयंपाक होतो त्या घरांतून सांडपाणीही निघतें. मोरी नीट बांधलेली असेल तर तें दूर वाहून जातें व त्याचा कोणास उपसर्ग होत नाहीं. परंतु एखादा बेपर्वा शेजारी आपलें सांडपाणी राजरोस दुसऱ्याच्या भिंतीशीं सोडूं लागला, तर कांहीं दिवसांनीं ती भिंत पोखरते, मग ढांसळते, आणि शेवटीं त्या शेजाऱ्यालाच आंत शिरावयास वाट मिळते. मनुष्याच्या शरीरांतील अगणित पेशींचा संसार ह्याच प्रकारचा आहे. प्रत्येक पेशी अन्न घेते, तें जाळून शक्ति मिळविते आणि उरलेला अंश बाहेर टाकते. ह्या अखंड व्यवहारास शास्त्रज्ञ चयापचय म्हणतात. कर्करोगाच्या पेशी ह्या व्यवहारांत त्या बेपर्वा शेजाऱ्याप्रमाणें वागतात. आणि त्यांनीं टाकलेलें आंबट सांडपाणी हें त्यांच्या फैलावाचें एक मोठें साधन आहे, असें गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनांतून हळूहळू स्पष्ट होत आलें आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेंतील पंडितांपुरता आहे असें कोणी समजूं नये. भारतांत दरवर्षीं लाखाहून अधिक माणसांना तोंडाचा कर्करोग जडतो, आणि पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत त्याचें स्थान अगदीं वरचें आहे. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं तीनच वर्षांनीं, १९४४ सालीं, मुंबईंतील मुखकर्काच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्या काळापासून आजतागायत आपल्या प्रांतांत ह्या रोगाचा राबता कमी झालेला नाहीं. 'हा रोग बिडी ओढणाऱ्या व गुटखा खाणाऱ्या लोकांचा; आपल्या घरीं तो कशाला येईल?' अशी एक समजूत सुशिक्षित घरांत असते. पण भोजनोत्तर विड्याचें तबक, आजोबांची तंबाखूची चंची, आणि एखाद्या आत्याबाईंची मिश्रीची डबी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या घरास हें म्हणण्याचा अधिकार नाहीं.

दह्यांतील अम्ल, स्नायूंतील अम्ल

दुधाला विरजण लावलें म्हणजे रात्रींतून तें आंबतें. तो आंबटपणा ज्या अम्लाचा, त्यास दुग्धाम्ल किंवा लॅक्टिक अॅसिड असें नांव आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शील यानें १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून तें प्रथम वेगळें काढलें. दुधांत तें सूक्ष्म जंतु उत्पन्न करतात. परंतु पुढें असें आढळून आलें कीं, तेंच अम्ल प्राण्यांच्या स्नायूंतही तयार होतें. आपण दोन मजल्यांचा जिना धांवत चढलों तर पोटऱ्यांची शक्तीची मागणी इतकी एकाएकीं वाढते कीं, प्राणवायूच्या साह्यानें होणारें सावकाश ज्वलन तिला पुरें पडत नाहीं. मग स्नायु रक्तांतील साखर, म्हणजे द्राक्षशर्करा, पूर्ण न जाळतां अर्धवट फोडतात, तेवढ्यावर वेळ निभावून नेतात आणि शेष राहिलेलें दुग्धाम्ल रक्तांत सोडतात. यकृत तें उचलून त्याची पुन्हां साखर बनवितें. कार्ल कोरी व त्याची पत्नी गर्टी कोरी ह्या दांपत्यानें हें चक्र उलगडून दाखविलें. १९४७ च्या नोबेल पारितोषिकांत ह्या दोघांचा वाटा होता. निरोगी शरीरांत, सारांश, दुग्धाम्ल हें कांहीं विष नव्हे. तें अडीअडचणीच्या वेळचें उसनवार खातें आहे. घेतलेलें लागलीच फेडलें जातें.

कर्करोगाच्या पेशींनीं मात्र हें अडचणीचें खातें नित्याचें केलें आहे. बर्लिन येथील ऑटो वारबुर्ग ह्या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत उंदरांच्या अर्बुदांचे अत्यंत पातळ काप घेऊन ते किती प्राणवायु घेतात व किती अम्ल टाकतात हें बारकाईनें मोजलें. त्यास असें दिसलें कीं, प्राणवायु भरपूर असतांही ह्या पेशी साखर अर्धवटच फोडतात आणि दुग्धाम्लाचा लोट बाहेर सोडतात. १९२५ सालीं कोरी दांपत्यानें हीच गोष्ट जिवंत प्राण्यांत ताडून पाहिली. ज्या कोंबडीच्या एका पंखास अर्बुद होतें, तिच्या त्या पंखांतून परत येणाऱ्या रक्तांत दुसऱ्या पंखापेक्षां साखर कमी व दुग्धाम्ल अधिक भरलें.

हा व्यवहार वरकरणीं मोठा आंतबट्ट्याचा दिसतो. साखरेचा एक रेणु पूर्ण जळला तर पेशीस शक्तीचीं सुमारें तीस नाणीं मिळतात; अर्धवट फोडला तर अवघीं दोन. श्वसनाची यंत्रणा बिघडल्यामुळेंच पेशी असें करते व त्यांतूनच कर्करोग उद्भवतो, असा वारबुर्गचा ठाम ग्रह होता; परंतु बहुतेक अर्बुदांत ती यंत्रणा शाबूत असल्याचें पुढें सिद्ध झालें. आजचें मत असें कीं, वाढीस हपापलेल्या पेशीस केवळ जळण नको असतें, तर नव्या पेशी उभारावयास वीटचुनाही हवा असतो, आणि अर्धवट फोडलेल्या साखरेंतून तो तिला झटपट मिळतो. नाण्यांची तूट ती भरमसाट साखर खाऊन भरून काढते. तिच्या ह्या खादाडपणाचा वैद्यकानें उपयोगही करून घेतला आहे. 'पेट' नांवाच्या तपासणींत किरणोत्सर्गी फ्लुओरीन जोडलेली साखर रुग्णास टोंचतात; ती जेथें अधिक सांठते तेथें रोग असण्याचा संशय घेतां येतो.

सांडपाणी भिंत कशी पोखरतें

इतकें अम्ल आंत सांठूं दिलें तर पेशी स्वतःच मरेल. म्हणून ती आपल्या आवरणांत विशेष द्वारें वाढवून तें बाहेर लोटीत असते. मुखकर्काच्या अर्बुदांत हीं द्वारें पुष्कळ वाढलेलीं असल्याचें तपासण्यांत आढळलें आहे. परिणाम असा होतो कीं, पेशीचें अंतरंग ठीक राहतें आणि शेजार आंबतो. रक्ताची प्रतिक्रिया ७.४ च्या आसपास असते. अर्बुदाच्या भोंवतीं ती ६.५ ते ६.९ पर्यंत उतरते. ह्या मापांत आंकडा जितका खालीं तितकें अम्ल अधिक, आणि हा उतार दिसावयास लहान असला तरी ७.४ वरून ६.७ वर येणें म्हणजे आंबटपणा सुमारें पांचपट होणें होय.

तोंडाच्या ओलसर अस्तराखालीं एक अत्यंत तलम पडदा असतो. विकृत पेशी जोंपर्यंत त्याच्या वरच्या अंगास आहेत तोंपर्यंत रोग जागच्या जागीं असतो. पडदा भेदला कीं त्याचें सीमोल्लंघन झालें. ह्या सीमोल्लंघनास आंबट सांडपाणी अनेक प्रकारें हातभार लावतें. पहिली गोष्ट अशी कीं, शेजारच्या निरोगी पेशींस तो आंबटपणा सोसत नाहीं व त्या मरूं लागतात. कर्कपेशींस मात्र तो अंगवळणीं पडलेला असतो. दुसरी गोष्ट, पेशीपेशींमधील चिवट तंतु विरघळविणारे कांहीं पाचक एन्झाइम अम्लांतच अधिक जोमानें काम करतात. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असें स्पष्ट दिसलें कीं, अर्बुदाच्या ज्या कडेस अम्लता अधिक होती, त्याच कडेनें तें शेजारीं घुसत होतें.

तिसरा प्रकार अधिक कपटाचा आहे. शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी शत्रूवर चालून जातांना स्वतःही साखर फोडतात व दुग्धाम्ल बाहेर टाकतात. पण बाहेर आधींच त्याचा पूर लोटला असेल तर त्यांचें तें बाहेर पडत नाहीं. मोरी बाहेरून तुंबली म्हणजे न्हाणीघरांत पाणी सांचावें, तशी त्यांची अवस्था होते, आणि हातीं शस्त्र असूनही पहारेकरी लुळा पडतो.

चौथा प्रकार असा कीं, दुग्धाम्लाचा आंबटपणा काढून घेतल्यावर जो अंश उरतो, ज्यास लॅक्टेट म्हणतात, तो निव्वळ गाळ नसून निरोप्याचें काम करतो. त्याच्या सांगण्यावरून नव्या रक्तवाहिन्या फुटूं लागतात, आणि ज्या वाटेनें अर्बुदास अन्न येतें तीच वाट पळून जाणाऱ्या पेशींसही मोकळी होते. २००८ सालीं असेंही दिसून आलें कीं, अर्बुदाच्या आंतल्या भागांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथील पेशींनीं टाकलेलें लॅक्टेट रक्तवाहिनीजवळच्या कर्कपेशी जळण म्हणून वापरतात. एकीचें उष्टें दुसरीचें अन्न होतें, आणि वांचलेली साखर आंतल्या बहिणींकडे जाते. शत्रूच्या गोटांत अशी काटकसर असेल अशी कल्पना पूर्वीं कोणास नव्हती. पुढें २०१९ सालीं आणखी एक शोध लागला. आनुवंशिक सूत्रें ज्या प्रथिनांभोंवतीं गुंडाळलेलीं असतात त्या प्रथिनांसच लॅक्टेट जाऊन चिकटतें, आणि पेशीनें कोणतें सूत्र वाचावें व कोणतें मिटून ठेवावें ह्यांत फरक पाडतें.

हें सर्व उंदरांपुरतें व कांचपात्रांपुरतेंच नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनीं मस्तक व मान ह्या भागांत कर्करोग झालेल्या रुग्णांच्या अर्बुदांतील लॅक्टेट मोजलें आणि पुढें त्या रुग्णांचें काय झालें ह्यावर नजर ठेवली. २००१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें तें असें कीं, ज्यांच्या अर्बुदांत लॅक्टेट अधिक, त्यांच्यांत रोग दूरवर पसरण्याचा धोका अधिक. अर्थात्‌ रोगाच्या फैलावाचें हें एकच कारण नव्हे. आनुवंशिक सूत्रांतील बिघाड हें मूळ, आणि सांडपाणी हें त्या मुळास मिळालेलें खतपाणी, असें म्हणणें योग्य होईल.

आतां ह्या आंबट शेजारधर्माशीं आपल्या सुपारीचें नातें काय, तेंही पाहूं. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडाचें अस्तर हळूहळू पांढुरकें व ताठर होतें, तिखट सोसेनासें होतें, आणि पुढें तोंडांत दोन बोटेंही शिरत नाहींत. भारतांत ह्या विकाराचें वर्णन डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत तंतूंची दाटी होऊन रक्तवाहिन्या आंवळल्या जातात व त्या जागेस प्राणवायु अपुरा मिळतो. आणि प्राणवायूचा तुटवडा ही तर पेशीस अर्धवट ज्वलनाची संवय लावणारी शाळाच होय. ह्या विकाराच्या कांहीं रुग्णांत पुढें कर्करोग होतो. 'आम्ही तंबाखू घालीत नाहीं, नुसता साधा विडा' असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखूविरहित विडा व नुसती सुपारी हींही मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारीं म्हणून नोंदलीं आहेत.

मानेंतील गांठ

तोंडांतून सुटलेल्या पेशी प्रथम कोठें जातात? बहुधा मानेंतील लसीकाग्रंथींत. ह्या ग्रंथि म्हणजे शरीराच्या वाटांवरील चौक्या. तेथें शत्रु पकडलाही जातो, आणि प्रबळ असल्यास ठाणेंही देतो. मानेंत रोग शिरला म्हणजे रुग्ण वांचण्याचा संभव सुमारें निम्म्यानें घटतो. ह्या बाबतींत आपल्या मुंबईनें साऱ्या जगास एक धडा दिला आहे. मुखकर्क लहान आहे, मानेंत हाताला कांहीं लागत नाहीं, अशा वेळीं ग्रंथि लागलीच काढाव्या कीं गांठ दिसेपर्यंत थांबावें, हा वाद वैद्यांत अनेक दशकें चालला होता. टाटा रुग्णालयांत डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनीं रुग्णांचे दोन गट करून त्याचा निकाल लावला व तो २०१५ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांच्या ग्रंथि पहिल्याच शस्त्रक्रियेंत काढल्या त्यांपैकीं तीन वर्षांनीं शेंकडा ८० हयात होते. ज्यांच्या बाबतींत वाट पाहिली त्यांपैकीं शेंकडा ६७.५. हाताला न लागणारा शत्रुही पुष्कळदां मानेपर्यंत पोंचलेला असतो, हाच ह्याचा अर्थ.

साखर, सोडा आणि भोळ्या समजुती

अर्धवट कळलेलें शास्त्र कित्येकदां अज्ञानाहून घातक ठरतें. वरील माहिती ऐकून कोणी म्हणेल, 'रुग्णाची साखर बंद करा, कर्करोग उपाशीं मरेल.' हा भ्रम आहे. आपण साखर खाल्ली नाहीं तरी यकृत ती बनवितें, कारण मेंदूस तिची गरज असते. उलट तोंड दुखत असल्यामुळें आधींच धड न जेवणारा रुग्ण ह्या पथ्यानें खंगतो व उपचार सोसण्याची त्याची ताकद जाते. दुसरा कोणी म्हणेल, 'रोग आंबट आहे, तर सोडा प्या, क्षारयुक्त पाणी प्या.' २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उंदरांस पाण्यांतून खाण्याचा सोडा दिला असतां अर्बुदाची अम्लता उतरली व रोगाचा फैलाव घटला, हें खरें. परंतु मनुष्यास त्या प्रमाणांत सोडा पोटांत घालवत नाहीं, आणि त्या दिशेनें झालेल्या चांचण्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. रक्ताची प्रतिक्रिया फुप्फुसें व मूत्रपिंडें इतक्या काटेकोरपणें सांभाळतात कीं, बाटलींतील पाण्यानें ती हलत नाहीं. आणि सोड्याचा अतिरेक जिवावर बेततो. तिसरा दहींताक सोडील. त्याचेंही कारण नाहीं. ताकांतील अम्ल जठरांत जातें. अर्बुदाचें अम्ल अर्बुद स्वतः जागच्या जागीं तयार करतें.

पेशींचीं अम्लद्वारें बंद करणारीं औषधें शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत व त्यांतील कांहीं माणसांवरील प्राथमिक चांचण्यांपर्यंत आलीं आहेत. परंतु मुखकर्काच्या नित्य उपचारांत त्यांना अद्याप स्थान मिळालेलें नाहीं. शस्त्रक्रिया, किरणोपचार व तज्ज्ञांनीं ठरविलेलीं औषधें हाच आजचा राजमार्ग आहे, आणि रोग लहान असतांना तो फार यशस्वी ठरतो.

घरांत काय करावें

ह्या सर्व विवेचनांतून गृहस्थाश्रमी वाचकांनीं घ्यावयाचें तात्पर्य एकच. हा रोग आरंभीं दुखत नाहीं. तो दुखूं लागतो तोंपर्यंत बहुधा त्यानें आपली वाट पोखरलेली असते. म्हणून दुखण्याची वाट पाहणें म्हणजे भिंत पडण्याची वाट पाहणें होय.

सुदैवानें तोंड हा शरीराचा असा भाग आहे कीं तो नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येतो. केरळांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं घरोघरीं जाऊन लोकांचीं तोंडें केवळ पाहिलीं आणि संशयितांस वैद्यांकडे धाडलें. २००५ सालीं निष्कर्ष आला तो असा कीं, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत ह्या रोगानें होणारे मृत्यु त्यामुळें सुमारें एक तृतीयांशानें कमी झाले. ह्याकरितां लागला तो उजेड, डोळे आणि आस्था.

महिन्यांतून एकदां, सकाळच्या उजेडांत, आरशासमोर ओठांची आंतली बाजू, दोन्ही गालांचें अस्तर, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग व टाळू पाहावी. मग बोटांनीं मान चांचपावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारणाशिवाय हलणारा दांत, बधिरपणा, तोंड उघडण्यास होणारा त्रास, मानेंतील न दुखणारी गांठ, ह्यांपैकीं कांहींही आढळल्यास दांताचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर गांठावे. त्यांनीं तुकडा काढून तपासावयास सांगितल्यास कां-कूं करूं नये. 'सुरी लागली कीं रोग पसरतो' ही म्हातारपणची धास्ती निराधार आहे. रोग पसरतो तो दिरंगाईनें.

खरी अडचण वेगळीच असते, आणि ती एकत्र कुटुंबांतच अधिक जाणवते. वडीलधाऱ्यांस 'तोंड उघडा, पाहूं' म्हणणें उद्धटपणाचें वाटतें. सासूबाईंच्या मिश्रीविषयीं बोलावयास सून धजत नाहीं, आणि आपल्यामुळें घरावर खर्च नको म्हणून सासूबाई जखम लपवितात. आजोबांच्या विड्याची चंची उचलून ठेवण्याचें धैर्य कर्त्या मुलासही होत नाहीं. हा आदर नव्हे, हा संकोच आहे; आणि संकोचापायीं मानेपर्यंत पोंचलेला रोग साऱ्या कुटुंबास भोंवतो. ह्याला तोड वडीलधाऱ्यांच्याच हातीं आहे. घरांतील ज्येष्ठानें एके दिवशीं आपण होऊन आपलें तोंड दाखवावें, चंची बंद करावी आणि धाकट्यांसही पाहावयास लावावें. मग कोणास अवघड वाटणार नाहीं. पूजेचीं पानसुपारी देवापुढें तशीच राहूं द्यावी, तिनें कोणाचें वाईट होत नाहीं. जेवणानंतर मुखशुद्धीस बडीशेप किंवा लवंग पुरेशी आहे. आपल्या पूर्वजांनीं मुखशुद्धि सांगितली ती मुख शुद्ध राहावें म्हणूनच, आणि त्या हेतूशीं प्रामाणिक राहणें हेंच त्यांच्या आचाराचें खरें पालन होय.